जमीलाबाईंनी सोडवलेली सायकल

मागच्या चाकात अजून थोडी कुरकुर आहे, तेवढी सोडली तर मी ठणठणीत आहे. मी दादाजींची सायकल बोलतेय. काळी, बावीस इंची, मध्ये दांडी असलेली, मागे रुंद कॅरिअरची. माझ्यासारख्या हजारो आल्या आणि भंगारात गेल्या. मीही जाणारच होते. गेले नाही, ते जमीला नावाच्या एका बाईमुळे. ते कसं झालं एवढंच मला सांगायचंय. बाकीचं आयुष्य थोडक्यात उरकते.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. त्यातलं आठवतं ते इतकंच, की लोखंडाच्या नळ्या एकमेकींत बसवून सांध्यांत वितळलेलं पितळ सोडत होते. पुढे माझे सुटे भाग गोणपाटात बांधून ट्रकनं ब्रह्मपुरीला आले. तिथे बसस्टँडच्या पाठीमागे फारूक मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी मला एका दुपारी जोडलं, चाकं फिरवून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दादाजी मला घेऊन गेले.

दादाजींचं गाव ब्रह्मपुरीहून नऊ किलोमीटरवर, वैनगंगेच्या बाजूला. धानाची शेती. घरी बायको सुगंधाबाई, मुलगी उर्वशी आणि धाकटा मुलगा प्रणित. मी आले तेव्हा उर्वशी पहिलीत होती. धानाचं पोतं गिरणीत नेणं, सुगंधाबाईंना कॅरिअरवर बसवून बाजाराला नेणं, एकदा तर आजारी शेळीला दांडीवर आडवी धरून डॉक्टरकडे नेणं, हे सगळं मी केलं. दादाजी उंच माणूस. माझी सीट तेव्हा चांगली वीतभर वर होती.

उर्वशी आठवीत गेली आणि हायस्कूल पाच किलोमीटरवर. ती आधी दांडीखालून पाय घालून कैची चालवायला शिकली. दोनदा पडली, गुडघे फोडून घेतले. तेव्हा दादाजींनी सीटचा नट ढिला केला, वर लाकडाचा ठोकळा ठेवला आणि ठोकून ठोकून सीट पार खाली, फ्रेमला टेकेपर्यंत बसवली. उर्वशी सीटवर बसली. तिचे पाय पॅडलला पुरले. त्या दिवशी ती अंगणात सोळा फेऱ्या मारून थांबली.

सुट्टीच्या दिवशी दादाजी मला शेतावर नेत, तेव्हा त्याच खाली गेलेल्या सीटवर बसत. गुडघे दोन्ही बाजूंना बाहेर. लोक हसत.

"दादाजीभाऊ, बेंडकावानी चालवून राह्यले!"

"पोरीची सीट आहे. राहू दे," ते म्हणत.

उर्वशी बारावी झाली, नर्सिंगला गेली आणि एटापल्लीला दवाखान्यात नोकरीला लागली. प्रणितनं मोटारसायकल घेतली आणि पुढे चंद्रपूरकडे कामाला गेला. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी राहिले. सीट खालीच होती. ती वर करावी असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण माझ्यावर बसणारंच कुणी नव्हतं.

मग एका वर्षी नदीचं पाणी गावात शिरलं आणि तीन दिवस राहिलं. घरातली माणसं शाळेच्या गच्चीवर होती, मी गाळात. पाणी ओसरल्यावर सुगंधाबाईंनी बादलीभर पाणी ओतून मला धुतलं. पण आतला गाळ कसा निघणार?

गंज माणसांना बाहेरून दिसतो. मला तो आतून माहीत आहे. आधी ओल येते. मग दोन लोखंडांच्या मधल्या जागेत काहीतरी फुगत जातं. मग एक भाग दुसऱ्याला धरतो, आणि सोडायचं म्हटलं तरी सोडत नाही. माझे पॅडल धरले गेले. मधला एक्सल धरला. मागचं फ्रीव्हील धरलं. आणि सगळ्यांत घट्ट धरला तो सीटखालचा पाइप, जो वीतभर खोल फ्रेमच्या नळीत उतरला होता.

चार वर्षं मी तशीच होते.

त्या चार वर्षांत दादाजींचे गुडघे गेले. उजवा जास्त. अंगणातून ओट्यावर चढतानाही ते भिंत धरत. शेत दीड किलोमीटर. आधी काठी घेऊन जात, मग आठवड्यातून एकदा, मग नाहीच. बाजेवर बसून ते रस्त्याकडे पाहत राहत. शेतावरून कुणी आलं की बांधाची आणि शेततळ्याची चौकशी करत, "धुरा फुटला का? बोडीत पाणी किती?" नंतर तेही विचारणं बंद झालं. सुगंधाबाई एकट्या शेत पाहत होत्या. घरी आल्या की त्या एकट्याच बोलत आणि दादाजी मान हलवत.

उन्हाळ्यात उर्वशी सुट्टीवर आली. तिनं बापाचा गुडघा दाबून, वाकवून पाहिला. म्हणाली, "बाबा, तुम्ही चालू नका जास्त. पण सायकल चालवा. सायकलवर अंगाचं वजन गुडघ्यावर येत नाई. आमच्या दवाखान्यात सांगतात लोकांना. फक्त सीट उंच पाह्यजे. पाय खाली गेला की जवळजवळ सरळ झाला पाह्यजे. गुडघा जास्त दुमडला तर दुखणं वाढन."

प्रणितनं लगेच चंद्रपूरहून नवी सायकल आणली. गिअरची, हँडल पुढे वाकलेलं. दादाजी तिच्यावर बसले, पुढे झुकले आणि पन्नास पावलांवर नालीत पडले. हाताला खरचटलं, एवढंच. पण गावातली चार माणसं पाहत होती. दादाजी उठून घरात गेले ते दोन दिवस बाहेर आले नाहीत.

"मले सायकल-फायकल काई नोको," ते म्हणाले. "झालं आता माझं."

संध्याकाळी सुगंधाबाई गोठ्यात आल्या आणि माझ्या हँडलवरचं जाळं पुसलं. "ह्या सायकलवर ते कवाच नाई पडले," त्या उर्वशीला म्हणाल्या.

प्रणितनं मोठा पाना आणून प्रयत्न केला. सीट हलेना. पॅडल तरी बदलू म्हणून डाव्या पॅडलला पाइप लावून त्यानं जोर काढला, तर ते आणखीच घट्ट झालं. घामानं भिजून तो म्हणाला, "आई, भंगारात टाक हिले. नवी आहे न घरी." त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यानं मनापासून केलं. त्याला माहीत नव्हतं इतकंच.

सोमवारी सुगंधाबाईंनी मला काळीपिवळी जीपच्या टपावर बांधून ब्रह्मपुरीला नेलं.

दुकान त्याच जागी होतं. पण फारूक मिस्त्री खुर्चीत बसलेले होते, उजवा हात मांडीवर ठेवलेला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि त्यांनी सांभाळायला घेतलाय. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला होता. जीभ थोडी जड, उजवा पाय ओढत चालणं, आणि हातात जोर नाही. दुकानात काम करत होत्या त्यांच्या बायको जमीलाबाई. पन्नाशीच्या, अंगानं बारीक, ओढणी कमरेला खोचलेली. लोक त्यांच्याकडून पंक्चर काढून घेत, ब्रेकचे गट्टू बदलून घेत. मोठं काम असलं की समोरच्या सुनिलच्या मोटारसायकल गॅरेजात जात. "भाबीच्यानं नाई होणार ते," असं म्हणत, आणि ते जमीलाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत.

सुगंधाबाईही आधी सुनिलकडेच गेल्या होत्या. त्यानं मला पाहून मान हलवली. "पाइप कापा लागन, बाई. फ्रेम फाटली तर मी जबाबदार नाई."

मग त्या रस्ता ओलांडून आल्या. जमीलाबाईंनी मला आडवी केली. बोटांनी सीटखालचा सांधा चाचपला, तिथली गंजाची पापडी नखानं उचकटली आणि वास घेतला.

"पुरातली आहे का?"

"हव. तुमच्यानं होते का, जमीलाबाई?"

जमीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. फारूक मिस्त्री मला पाहत होते. त्यांनी मला ओळखलं की नाही ते मला सांगता येत नाही. त्यांनी आयुष्यात माझ्यासारख्या किती जोडल्या असतील!

"ठेवून जा," ते म्हणाले. "टाइम लागन."

"धानाच्या रोवणीच्या आधी पाह्यजे, भाऊ. ते धुऱ्यावर गेले नाई तर..." सुगंधाबाईंनी वाक्य सोडून दिलं.

आता जमीलाबाईंनी काय केलं ते ऐका.

पहिले तीन दिवस त्यांनी काहीच केलं नाही, असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असतं. त्यांनी डिझेल आणि इंजिनचं पातळ तेल एका बाटलीत मिसळलं आणि प्रत्येक अडलेल्या जागी थेंब थेंब सोडलं. सकाळी दुकान उघडल्यावर एकदा, मग जवळच्या मशिदीत दुपारची अजान झाली की एकदा, पुन्हा संध्याकाळच्या आधीच्या अजानला. थेंब सोडायचा, हातोडीच्या दांड्यानं हलकेच टकटक करायचं म्हणजे तो आत झिरपतो, आणि आपलं दुसरं काम करायचं.

"पिऊ दे तिले," फारूक म्हणत. "प्यासी आहे."

चौथ्या दिवशी त्यांनी पॅडलला हात घातला. उजवं निघालं. डाव्याला प्रणितच्या पान्याचे चरे पडलेले होते. जमीलाबाईंनी ते पाहिले आणि पहिल्यांदा हसल्या. "उलटं फिरवलं कोणीतरी. डाव्याचे आटे उलटे राहतात हे लोकांले माहीतच नसते. सोडायले जातात आणि कसून येतात." त्यांनी पाना दुसऱ्या दिशेला लावला, त्याच्यावर आपलं सगळं वजन टाकलं आणि किरकिर करत ते पॅडल सुटलं. मला झालेलं सुख मी कसं सांगू? चार वर्षं मूठ आवळून ठेवली आणि कुणीतरी एकेक बोट उघडलं, तसं वाटलं.

मग कॉटर. पॅडलचा दांडा मधल्या एक्सलला घट्ट धरून ठेवणारी ही करंगळीएवढी खीळ. हिच्यापायी चांगले चांगले मिस्त्री शिव्या देतात. जमीलाबाईंनी नट अर्धा सोडून टोकाबरोबर ठेवला, म्हणजे आटे चेपायचे नाहीत. दांड्याखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा केला, म्हणजे ठोका खिळीलाच बसावा, माझ्या बेअरिंगच्या छऱ्यांना नाही. आणि हातोडी उचलली.

"दहा हलके नको मारू," फारूक खुर्चीतून म्हणाले. "एकच मार. पण नेमका."

पहिला ठोका अंगठ्यावर बसला. जमीलाबाई खाली बसल्या, अंगठा ओढणीत गुंडाळून दाबला. डोळ्यांत पाणी आलं. समोर सुनिलच्या गॅरेजात दोघं पाहत होते. त्या उठल्या, हात झटकला, पुन्हा हातोडी घेतली. एकच ठोका. कॉटर खाली पडून खणखणत नालीपर्यंत गेली.

फारूकचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर तीनदा आपटला. शाबासकी देण्याची ती त्यांची आताची पद्धत होती.

एक्सल निघाला, गाळ निघाला, छरे निघाले. फ्रीव्हील सुटलं. राहिला सीटचा पाइप. आणि तिथे सगळं थांबलं.

मधला एक्सल निघाल्यामुळे माझ्या सीटच्या नळीचं खालचं तोंड मोकळं झालं होतं. जमीलाबाईंनी मला उलटी टांगून खालून तेल सोडलं. दोन दिवस तशी ठेवली. मग सीट काढून नुसता पाइप टेबलावरच्या शिकंज्यात आवळला आणि माझी अख्खी फ्रेम हातांनी धरून फिरवायला लागल्या, कालव्याच्या दाराचं चक्र फिरवावं तसं. मी हलले नाही. पुन्हा तेल, पुन्हा शिकंजा. तिसऱ्या वेळी शिकंज्यातलं पाइपचं टोक चेपायला लागलं.

सुनिल रस्ता ओलांडून आला. तसा तो भला माणूस. "भाबी, गॅस लावून लाल करून देऊ का? दोन मिनिटांत निघन."

"नाई!" फारूक इतक्या जोरात म्हणाले की त्यांना खोकला आला. "जोडात पितळ आहे. लाल केलं तर पितळ वितळन. पाइप निघन आणि सायकल दोन तुकडे होईन."

"मग कापा लागते, भाऊ."

सुनिल गेला. मग फारूक म्हणाले, "जमीला, ब्लेड घे. आतून काप. पाइपले उभी चीर दे, मग तो आपोआप दबून निघते."

जमीलाबाईंनी हॅक्सॉचं ब्लेड हातात घेतलं, टोकाला चिंधी गुंडाळली, पाइपमध्ये घातलं. दोनदा ओढलं. थांबून नवऱ्याकडे वळल्या. "सायमाचे अब्बा, मले दिसत नाई कुठंवर गेलं ते. फ्रेम कापली गेली तर?"

"अंदाज लागते हाताले."

"मले नाई लागत."

"माझा हात असता तर..." फारूक एवढंच बोलले आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग नजर वळवून म्हणाले, "देऊन टाकू दुकान. सुनिल मागून राह्यला कवाचा. त्याले पार्ट ठेवायले जागा पाह्यजे. तू घरी शिवणकाम कर. लोक हसून राह्यले आपल्यावर."

मी टेबलावर आडवी पडून हे ऐकलं. माझ्यापायी एका माणसाचं दुकान जाणार, हे मला सहन होईना. पण मी हलू शकत असते तर प्रश्नच नव्हता.

जमीलाबाईंनी ब्लेड भिंतीवर जागच्या जागी अडकवलं, तेलाची बाटली उचलली आणि पाइपच्या सांध्यावर एक थेंब सोडला. अजान अजून व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन स्टीलचे पेले होते, एकात एक अडकलेले.

"हे पाहा. आज चहाचे पेले धुताना बसले एकमेकांत. तुम्ही ओढून पाहा."

फारूकनी पेले गुडघ्यांत धरून डाव्या हातानं ओढले. निघाले नाहीत.

जमीलाबाईंनी आतल्या पेल्यात माठातलं गार पाणी ओतलं आणि बाहेरचा पेला चहावाल्याकडून आणलेल्या उकळत्या पाण्यात धरला. थोड्या वेळात बोटानं फिरवला. पेले वेगळे झाले.

"बाहेरचं फुगते, आतलं आकसते," त्या म्हणाल्या. "सगळ्या बायकांले माहीत आहे हे."

"ही का चहाचा पेला आहे?" फारूक हसले. मग हसणं थांबलं. ते पेल्यांकडे पाहत राहिले. "गॅस नाई लावायचा," ते सावकाश म्हणाले. "पण उकळत्या पाण्यानं पितळाले काई होत नाई. आणि पाइप आतून पोकळ आहे... खालून बोळा लावला तर पाणी राहीन त्याच्यात." त्यांनी वर पाहिलं. "बर्फ. जमीला, बर्फ घे रसवंतीतून. मीठ टाक त्याच्यात."

तेवढ्यात सुगंधाबाई आल्या. आठवड्याचा बाजार होता. काम कुठवर आलं ते विचारायला त्या थांबल्या आणि मग थांबल्याच.

जमीलाबाईंनी खालून चिंध्यांचा बोळा घट्ट ठोसला. शिकंज्यातला पाइप बर्फाच्या चुऱ्यानं आणि मिठानं भरला. सुगंधाबाईंनी फडकी उकळत्या पाण्यात बुडवून चिमट्यानं उचलून माझ्या नळीभोवती गुंडाळली. थंड झालं की दुसरं. आतून मी गोठत होते, बाहेरून भाजत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा. मधूनमधून जमीलाबाई तेल सोडत आणि टकटक करत. सांध्यातून तांबडं पाणी यायला लागलं.

"आता धरा, बाई," जमीलाबाई म्हणाल्या. त्यांनी माझा पुढचा भाग धरला, सुगंधाबाईंनी मागचा. फारूक उठले. भिंत धरत, पाय ओढत टेबलाशी आले. त्यांनी डाव्या हाताचा तळवा बरोबर सांध्यावर ठेवला. अर्धा पाइपवर, अर्धा नळीवर. आणि डोळे मिटले.

"लावा जोर."

दोघींनी जोर लावला.

"अजून."

जमीलाबाईंच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. सुगंधाबाईंचे पाय फरशीवर सरकले, त्यांनी चपला काढून फेकल्या आणि अनवाणी पाय रोवले. धानाच्या बांधीत रोवतात तसे.

कडाक्!

मोठा आवाज झाला. दोघींनी हात सोडले. जमीलाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "गेली फ्रेम," त्या म्हणाल्या. "तोडली मी."

फारूकनी हात उचलला नव्हता. डोळेही उघडले नव्हते.

"हलली," ते म्हणाले. "सूतभर हलली. फ्रेम नाई, जमीला. गंज तुटला. माझ्या हाताले लागलं न. लाव, लाव जोर, गरम आहे तवर!"

मग मी फिरले. आधी सूतभर, मग बोटभर, मग किंचाळत, कुरकुरत, एक पूर्ण फेरा. दोघी बायका माझ्याभोवती टेबलाला प्रदक्षिणा घालत होत्या आणि हसत होत्या. सुगंधाबाईंचा पदर तेलात बुडला होता. शेवटी पाइप बाहेर आला. वीतभर लांब, तांबडा, खडबडीत, वितळलेल्या बर्फानं ओला. जमीलाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला.

सुनिल गॅरेजच्या दारात उभा होता. मग स्वतःच रस्ता ओलांडून आला, पाइप हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "बर्फ? बाप्पा!"

मला जोडायला पुढचे दोन दिवस लागले. नळी आतून घासून पुसली. नवा पाइप, नव्या कॉटर, नवे छरे, आणि सगळीकडे बोटानं ग्रीस. सीट बसवताना जमीलाबाईंनी विचारलं, "भाऊ केवढे उंच आहेत?"

सुगंधाबाई सरळ उभ्या राहिल्या आणि हाताची कड आपल्या अंगाला लावून दाखवली. "त्यांची कंबर मले इथी लागते."

जमीलाबाईंनी तेवढी उंची धरून नट कसला.

घरी आणल्यावर दादाजींनी दोन दिवस माझ्याकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर बसले असता सुगंधाबाईंनी मला ओट्याला लावून उभी केली. दांडीवरून पाय टाकायला गुडघा वाकवावा लागू नये म्हणून. त्यांनी कॅरिअर धरला.

दादाजींनी बराच वेळ सीटवर हात ठेवला. मग ओट्यावरूनच बसले. पाय पॅडलवर गेला. खाली गेला आणि जवळजवळ सरळ झाला. त्यांनी दुसरा दाबला.

मी चालले. ग्रामपंचायतीपर्यंत गेले आणि वळून आले. दादाजींचा श्वास लागला होता, पण चेहऱ्यावर दुखणं नव्हतं. "सोड आता," ते मागे न पाहता म्हणाले. सुगंधाबाईंनी केव्हाच सोडलं होतं. त्या ग्रामपंचायतीशी उभ्या होत्या.

रोवणीच्या दिवसांत आम्ही रोज धुऱ्यावर गेलो. दादाजी मला एका दगडाशी टेकवत, म्हणजे परतताना चढता येतं, आणि तिथूनच ओरडत, "तिकडच्या बांधीत पाणी जास्त झालं! काढा!" रोवणाऱ्या बाया म्हणत, बरं होतं घरात होते ते. आणि हसत.

आजचीच गोष्ट सांगते आणि थांबते. दादाजींनी मला नऊ किलोमीटर चालवत ब्रह्मपुरीला आणलं, एकट्यानं. दुकानात तीन सायकली उभ्या होत्या आणि अपंगांची एक तीनचाकी, जिचं मागचं चाक धरलं गेलं होतं. तिचा मालक, लांबून सिंदेवाहीकडून आलेला, फारूकना विचारत होता, "मिस्त्री तुम्हीच का?"

"मिस्त्री जेवून राह्यली," फारूक म्हणाले. "बसा."

दादाजी त्यांच्या शेजारच्या बाकावर बसले. दोघं गुडघ्याबद्दल आणि हाताबद्दल बोलत राहिले. कुणाला रात्री जास्त दुखतं, कुणाला थंडीत. मग आतून जमीलाबाई आल्या, ओढणीला हात पुसत.

दादाजींनी बाकाची कड धरली, एक हात माझ्या सीटवर टेकवला आणि उभे राहिले.

"बसा न भाऊ, कायले उठता?"

"उठता येऊन राह्यलं," दादाजी म्हणाले, "म्हणून उठलो."

जमीलाबाईंनी मान खाली घातली आणि उगाचच माझी चेन तपासायला घेतली. त्यात काही बिघाड नव्हता. मला ठाऊक आहे.

तर अशी मी. वय झालंय, रंग गेलाय, मागच्या चाकात कुरकुर आहे. तुमच्या गोठ्यात किंवा जिन्याखाली माझी एखादी बहीण भिंतीला टेकून उभी असेल, तिचं काहीच हलत नसेल, तर पाना उलटा लावून तिच्यावर जोर काढू नका. एक थेंब तेल सोडा आणि उद्यापर्यंत वाट पाहा. नाहीच जमलं, तर कुठे यायचं ते मी सांगितलंच आहे.

घरी परतायला दादाजींनी कॅरिअरला पिशवी बांधली आहे. वाटेत रानाचा पट्टा आहे, वाघाचा; तो ऊन असेपर्यंत पार करायचा असतो. निघते मी.